चाकांवरचं घर पुळणीत रुतलं, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, गाडी वाईट नव्हती. तीन स्टार दिलेत ते गाडीला आणि ड्रायव्हर दादांच्या स्वभावाला, जे दोन कापलेत ते जाहिरातीतल्या फोटोसाठी. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण वाढवायचं नाहीये, पण फोटो तुम्हीही कुठेतरी बघितला असेलच. समोर समुद्र, पांढरीशुभ्र मोटरहोम थेट वाळूवर उभी, बाजूला कापडी छप्पर ओढलेलं, दोन फोल्डिंगच्या खुर्च्या आणि वाफाळता चहा. तो फोटो नवऱ्याने फॅमिली ग्रुपवर टाकला आणि सगळे येडे झाले, मी पण झाले, खोटं कशाला बोलू. आणि माझं माहेर गुहागर तालुक्यातलं. म्हणजे पुळण म्हणजे काय ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती, लहानपणी बाबांची सायकल पुळणीतून ढकलून ढकलून हात दुखायचे आमचे, तरी साडेचार टनाची गाडी वाळूवर उभी बघून डोक्यात साधा प्रश्न आला नाही की ही तिथे गेली कशी आणि परत आली कशी.

तर जानेवारीत तीन दिवस दोन रात्री घेतली. आम्ही दोघं, दोन पोरं, सासूबाई आणि मस्कतहून सुट्टीवर आलेले भावजी. रेट दिवसाला साडेबारा हजार, डिझेल आपलं, रोजचे अडीचशे किलोमीटर, त्यावर गेलं की वेगळे पैसे, ड्रायव्हर त्यांचाच आणि त्याचं जेवणखाण आपल्याकडे. महाग आहे, पण सहा जणांच्या दोन हॉटेल रूम आणि गाडीभाडं धरलं तर अगदीच लुटालूट नाही म्हणता येणार.

गाडीबद्दल. मिनीबसच्या चासीवर फायबरचं घर बांधलंय, मागे जोडचाकं (हे लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे). आत दोन मोठे बेड, एक सोफा उघडून बेड, इंडक्शन, छोटा फ्रिज, सिंक, आणि कपाटाएवढं टॉयलेट ज्यात शॉवर पण आहे. एसी चांगला चालतो पण बाहेरची लाईट जोडली असेल तरच, नुसत्या बॅटरीवर पंखे आणि दिवे. पाण्याची टाकी दीडशे लिटर, ती मागच्या चाकांच्याही मागे. स्वच्छता उत्तम होती, चादरी धुतलेल्या, उशांना वास नाही. पोरांना तर घरातलं सगळं घरापेक्षा लहान आहे याचंच इतकं अप्रूप की फ्रिज दिवसातून चाळीस वेळा उघडला. सासूबाईंनी मात्र पाच मिनिटात निकाल दिला. ओट्यापासून संडासाचं दार दीड हातावर आहे, इथे मी भात लावणार नाही. आणि नाहीच लावला तीन दिवस.

चालवायला म्हणाल तर कुंभार्ली घाट दादांनी सुंदर उतरवला, त्यात तक्रार नाही. आतमधे मात्र प्रत्येक वळणाला डबे नाचतात, चमच्यांचा ड्रॉवर आपोआप उघडतो, त्याला आम्ही ओढणी बांधली. खरा त्रास चिपळूण सोडून आत शिरल्यावर. गाडीची उंची दहा फुटाच्या आसपास, आणि आपल्याकडे गावातून रस्ता म्हणजे एका बाजूला चिऱ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला फणस, आणि वरून केबलवाल्याची लोंबकळणारी वायर. दोनदा नवरा टपावर चढून बांबूने वायर उचलत बसला होता आणि खालून गावातली पोरं त्याचा व्हिडिओ काढत होती. पहिली रात्र माहेरच्या खळ्यात काढली, जांभ्याचं कडक खळं, गाडी लावली ती हललीसुद्धा नाही, एक्सटेन्शन बोर्डवरून लाईट घेतली, काय झोप लागली सांगू. तेव्हाच परत फिरलो असतो तर हा रिव्ह्यू पाच स्टारचा झाला असता.

दुसऱ्या दिवशी धोपाव्याहून फेरीने दाभोळला उतरलो. फेरीवर अशी गाडी चढवायची तर एक बघून ठेवा, पाणी खाली गेलेलं असलं की जेट्टीचा उतार आणि फेरीची फळी यांच्यात कोन पडतो आणि मागच्या चाकांच्या मागे जो लांब भाग आहे तो घासतो. आमचा घासला. खर्रर्र असा आवाज झाला की फेरीवरचे सगळे वळून बघायला लागले. फेरीवाल्या पोरांनी पटकन दोन लाकडं टाकली चाकाखाली आणि मग चढली, त्यांना रोजची सवय.

आता मुख्य भाग. दापोली तालुक्यातलं एक किनाऱ्याचं गाव, नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या काकांनी आम्हाला वाचवलं त्यांच्या दारात उद्या वीस गाड्या उभ्या राहतील. कंपनीने बुकिंगसोबत पार्किंगची यादी दिली होती, त्यात या गावात सुरूच्या बनातली जागा, "समुद्राला लागून, कुटुंबासाठी उत्तम". मॅपवर पिन पण होती. प्रत्यक्ष किनाऱ्यावर गाड्या नेऊ नका असा बोर्ड गावाने लावलेला, तो आम्ही पाळला, आम्ही बोर्डाच्या अलीकडेच होतो, म्हणजे सगळं नियमात. आणि सुरूचं बन दिसायला इतकं छान की विचारू नका. खाली त्या वाळलेल्या काड्यांचा तपकिरी गालिचा, त्यावरून चाललं तर पायाला टणक लागतं. दादांनी खाली उतरून टाच आपटून बघितली, म्हणाले बसतीय गाडी. ते सातारा जिल्ह्यातले, त्यांना माती कळते. पण ती माती नव्हतीच. काड्यांचा तो थर जेमतेम चार बोटांचा आणि त्याखाली कोरडी, पिठासारखी वाळू. पुढची चाकं थरावरून गेली, मागच्या जोडचाकांनी थर फाडला, आणि गाडीने दमलेल्या म्हशीसारखं बूड टेकलं.

वेळ चार वाजून वीस मिनिटं.

दादांनी रेस केली. मग जास्त रेस केली. मागून वाळूचा फवारा उडाला तो सरळ सासूबाईंच्या पातळावर. मग रिव्हर्स, मग पुढे, मग रिव्हर्स, आणि मग तो जळक्या क्लचचा वास. भावजी तोपर्यंत पोरांना घेऊन पुढे पाण्याकडे गेले होते, ते तिथून ओरडत पळत आले, बंद करा, इंजिन बंद करा आधी. भावजी एरवी इतके शांत की दोन वाक्यं बोलले तर आई विचारते बरं आहे ना, पण ओमानमधे दहा वर्षं काढलीत, तिथे दर थंडीत सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर शर्कियाच्या वाळवंटात जातात, जुने लोक त्याला वहिबा सँड्स म्हणतात. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, चाक फिरतंय पण गाडी हलत नाही म्हणजे चाक खड्डा खणतंय, दुसरं काही करत नाहीये. पहिल्यांदा फिरलं तेव्हाच थांबले असते तर दहा मिनिटांचं काम होतं." आता मागचा दांडा वाळूला टेकलेला. म्हणजे चाकांवर वजनच नाही, गाडी पोटावर बसलेली.

हेल्पलाईनला फोन लावला. चोवीस तास रोडसाइड असिस्टन्स लिहिलेलं आहे करारात. त्या मुलाने अगदी गोड आवाजात सांगितलं की मॅडम, तुम्ही रोडच्या साइडला नाही आहात. वाळू म्हणजे ऑफरोड, ते कलमात बसत नाही. मी म्हटलं अहो तुमच्याच यादीतली जागा आहे, तुमच्याच फोटोत गाडी वाळूवर आहे. तर म्हणतो फोटो फक्त कल्पना येण्यासाठी असतो. आली कल्पना.

मग बाबांना फोन केला, कशाला केला माहीत नाही, सवयीने. त्यांचा पहिला प्रश्न, "आज तिथी काय?" नवरा म्हणाला हे काय मुहूर्त बघतायत का आता. पण किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा, तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण कधी ते साधारण निघतं. त्या दिवशी त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे रात्री पावणेदहाला पाणी पूर्ण वर येणार, आणि पौर्णिमा परवावर म्हणजे उधाणाचे दिवस, पाणी नेहमीपेक्षा वर चढणार. बाबा म्हणाले, "सुरूंची मुळं उघडी पडलीयत का बघ. पडली असतील तर पाणी तिथवर येतं कधीतरी." मी बघितलं. पुढच्या रांगेतल्या झाडांची मुळं सांगाड्यासारखी बाहेर आलेली. आम्ही होतो तिसऱ्या रांगेत.

आता भावजींनी जे केलं ते सविस्तर लिहिते, कारण अशा गाडीचं वाळूचं गणित आपल्याकडे कोणी सांगत नाही, सगळे फक्त जोर लावा म्हणतात.

पहिलं, हवा. कागदावर साठ पीएसआय लिहिलेलं, त्यांनी तीसवर आणली. वजन तेवढंच आणि दाब निम्मा, म्हणजे टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा जवळपास दुप्पट होतो, आणि तो रुंदीला फारसा वाढत नाही, लांबीला वाढतो, उंटाच्या पायासारखा पसरतो आणि वाळूत घुसायच्या ऐवजी वर राहतो. तिकडे हलक्या जीपला पंधरा-अठरापर्यंत खाली नेतात म्हणे, पण एवढ्या वजनाच्या गाडीला नाही, टायर रिममधून निसटेल, त्यात स्टिअरिंग जोरात वळवलं की हमखास. हवा काढणं ऐकायला सोपं वाटतं. बाहेरच्या चाकांची काढली नवऱ्याने बाईकच्या चावीने. आतल्या चाकांचा व्हॉल्व मात्र बाहेरच्या चाकाच्या भोकातून हात घालून शोधायचा, त्याला लांब नळी असायला हवी ती या गाडीला नव्हतीच, नवरा वाळूवर पालथा पडून खांद्यापर्यंत हात आत घालून, कोपर सोलवटलेलं, तोंडात वाळू, आणि आमचा धाकटा शेजारी उभा राहून विचारतोय बाबा तू गाडीची शी काढतोयस का.

जोडचाकांचा आणखी एक लोचा भावजींनी दाखवला. दोन चाकांच्या मधे वाळूचा उंचवटा दबून राहतो, शिवाय मागची चाकं पुढच्या चाकोरीत नीट बसतच नाहीत, ती स्वतःची नवी चाकोरी पाडत जातात, म्हणजे इंजिनाला दुप्पट काम. युरोपातून ट्रकवर बांधलेली मोठमोठी घरं घेऊन लोक ओमानमधे उतरतात, पण त्यांना मागे एकेरी रुंद टायर आणि चारही चाकांना जोर असतो. आमचं धूड म्हणजे लग्नाची मिनीबस, आत संडास.

दुसरं, वजन. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, तेही नेमकं मागच्या टोकाला, जे टोक रुतलंय. टाकीचा नळ सोडला. तेवढ्यात बाजूच्या वाडीतून काका आले, लुंगी, गळ्यात पंचा, हातात कोयती. त्यांनी गाडी बघितली नाही, वाहणारं पाणी बघितलं. "अवो ताई, पाणी कशाला वाया घालवताव, इकडं सोडा की." मग काय, पाईप जोडून आमच्या मोटरहोमच्या टाकीने काकांच्या दोन माडांची आळी भरली. त्यानंतर गाडीकडे बघून म्हणाले, "ह्या सुरूत आमी बैलगाडी पण रिकामी आणतो."

जॅक. कंपनीने दिलेला बाटलीचा जॅक चांगला होता पण बूड त्याचं वाटीएवढं. लावला आणि पंप मारला तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली गेला, शांतपणे, डोळ्यादेखत गायब. काकांनी घरून दोन चिरे आणले, जांभ्याचे, एकेक उचलताना दोन माणसांचा दम निघतो. चिरा खाली, त्यावर फळी, फळीवर जॅक, आणि मग गाडी उचलली. आता चाकाखाली काय घालायचं? पहिल्यांदा झावळ्या घातल्या. प्लीज झावळ्या घालू नका. चाक फिरल्याबरोबर त्या मागे बाणासारख्या सुटल्या, एक दादांच्या नडगीवर बसली. मग सोडणं आणली दोन पोती, नारळाची सोडणं, ती वाळूत दाबली तशी गच्च बसली आणि त्यावर काकांच्या पडवीतल्या जुन्या फळ्या. भावजींकडे मस्कतला यासाठी दात असलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत, विमानात कोण आणणार त्या. म्हणाले ही युक्ती शंभर वर्षं जुनी आहे, राल्फ बॅगनॉल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० च्या दशकात इजिप्तमधून फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन वाळवंटात घुसायचा, त्याला कैरोच्या भंगारात लोखंडी पत्र्याच्या पन्हळ्या सापडल्या, त्या तो चाकाखाली घालायचा, आणि टायरची हवा कमी करायचं पण त्यानेच भरपूर वापरलं. मी म्हटलं भावजी, त्याच्याकडे सोडणं असती तर पन्हळ्या कशाला शोधल्या असत्या.

चाकांच्या पुढची वाळू हाताने, ताटाने, पोरांच्या फावड्याने ओढून उतार केला. पोटाखालची पण. यात दीड तास गेला आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा दीड तास होता असं आता वाटतं.

शेवटी होड्या ओढायचा ट्रॅक्टर आला. पुढच्या बंपरखाली हुक आहे, पण तो प्लास्टिकच्या झाकणामागे, दादांनाच माहीत नव्हता, माहितीपुस्तकात सापडला. दोर बांधला की सगळ्यांना लांब उभं करा, दोर तुटला तर चाबकासारखा येतो, सासूबाईंनी दोन्ही नातवंडांना कोंबडीने पिल्लं हाकावी तसं काकांच्या पडवीत नेऊन बसवलं. झटका द्यायचा नाही, हळूहळू ताण घ्यायचा. दादांना भावजींनी दुसरा गिअर टाकायला लावला, पहिल्यात जोर जास्त येतो आणि चाक परत फिरतं. स्टिअरिंग सरळ. एकदा हलली की थांबायचं नाही आणि ब्रेक तर मारायचाच नाही, ब्रेक मारला की चाकापुढे वाळूची ढेप तयार होते आणि परत तिथेच. आठ वाजून दहा मिनिटांनी गाडी काकांच्या वाडीच्या कडक रस्त्यावर होती. दादा खाली उतरले आणि गाडीला नमस्कार केला. मी पण केला, ट्रॅक्टरला.

ट्रॅक्टरवाल्याने हजार घेतले, तेही मागून नाही, द्याल ते द्या म्हणाला. काकांनी काहीच घेतलं नाही, पाणी मिळालं ना म्हणे.

पावणेदहाला जेवून बॅटरी घेऊन आम्ही मुद्दाम गेलो बघायला. चांदण्यात पाणी चमकत होतं आणि आमच्या खड्ड्यांपासून पंधरा-वीस पावलांवर येऊन थांबलं, तिथे थोडा वेळ घुटमळलं आणि मागे फिरलं. म्हणजे गाडी बुडाली नसती. पण हे चार वाजता कोण सांगणार होतं.

रात्री गाडी काकांच्या खळ्यात. गाडी थोडी कललेली होती म्हणून एका चाकाखाली चिऱ्याचा तुकडा, गाडी समपातळीत नसेल तर टॉयलेटचं पाणी कुठेही जातं आणि डोकं उताराला करून झोपलं तर सकाळी सुजतं, अनुभव आहे. सासूबाई घरातच झोपल्या काकूंकडे, दोघींच्या गप्पा एक वाजेपर्यंत चालू. भावजी आणि मी बाहेर खुर्च्या टाकून (फोटोतल्याच त्या खुर्च्या, त्या मात्र खऱ्या होत्या) बसलो तेव्हा तिकडच्या वाळवंटाचं विचारलं मी त्यांना. तिथली वाळू वाऱ्याने घासून घासून गोल झालेली, कण एकमेकांना धरतच नाहीत, म्हणून तर एवढं वाळवंट असून दुबईला काँक्रीटसाठी वाळू बाहेरून आणावी लागते. सकाळी गार असते, दव असतं, तेव्हा जरा घट्ट, दुपारी तीच वाळू दगा देते. डोंगरीच्या वाऱ्याकडच्या बाजूला टणक असते आणि आडोशाच्या बाजूला सैल आणि एकदम उभी, त्यामुळे माथ्यावर जाऊन पलीकडे काय आहे ते चालत बघितल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. थांबायचं तर ब्रेक न मारता, गाडी आपोआप मंदावू द्यायची, आणि तोंड उताराकडे करून, म्हणजे निघताना वजन आपल्या बाजूने. हे आम्हाला चार वाजता माहीत असतं तर दादांनी गाडी रस्त्याकडे तोंड करून लावली असती तरी निम्मं काम झालं असतं.

आणि सबखा म्हणून एक प्रकार असतो तिकडे, वरून मिठाची पांढरी कडक साय आणि खाली चिखल, गाडी साय फोडून आत जाते ती वाळूपेक्षा वाईट. मी म्हटलं म्हणजे आपलं खाजण. हो म्हणाले, तेच, फक्त खेकडे नाहीत. अजून एक सांगितलं ते मला फार आवडलं, अरबीत कोरड्या नदीच्या पात्राला वादी म्हणतात, सपाट, सावली असलेली, गाडी लावायला मोह होईल अशी, पण डोंगरात कुठेतरी पाऊस झाला की अर्ध्या तासात लोंढा येतो, म्हणून वादीत मुक्काम करायचा नाही. आपल्याकडे वाडीतच करायचा.

आपल्याकडची वाळू त्या मानाने दयाळू आहे, ओली असली की घट्ट. पोरं किल्ला करतात तो ओल्याच वाळूचा ना, पाण्याचा पातळ थर कणांना धरून ठेवतो. म्हणून ओहोटीला लोकांना वाटतं किनारा म्हणजे हायवे. पण फार पाणी भरलेली वाळू परत सैल होते आणि भरती येतेच, दर बारा तास पंचवीस मिनिटांनी. किनाऱ्यावर रुतलेल्या गाड्यांच्या बातम्या दर सीझनला येतात त्या अशाच. शिवाय गाडी न्यायचीच नाही याचं दुसरं कारण काकांनी सांगितलं, हे कासवांचे दिवस, ऑलिव्ह रिडलेच्या माद्या रात्री पुळणीवर येऊन शंभरेक अंडी घालून वाळू सारखी करून जातात, वरून काहीच कळत नाही, आणि वेळासपासून खाली बऱ्याच गावांतली माणसं पहाटे चालत जाऊन ती घरटी शोधतात. त्यावरून चाक गेलं तर कोणाला समजणार. आमच्या हेडलाइटकडे बघून काका दोनदा म्हणाले होते, दिवे मालवा. तेव्हा मला वाटलं बॅटरी वाचवायला सांगतायत.

एअर कंप्रेसरबद्दल दोन ओळी, कारण तो पण भाड्यातच होता. सिगारेट लायटरला लावायचा छोटा. कारच्या टायरला ठीक आहे. तीसवरून साठवर न्यायला एका टायरला पंचवीस मिनिटं घेतली आणि दुसऱ्या टायरला गरम होऊन बंद पडला. कमी हवेवर रस्त्याने पळवली तर टायर तापून फुटतो, म्हणून सकाळी तीन किलोमीटर वीसच्या स्पीडने पंक्चरवाल्याकडे गेलो, मागे एसटी हॉर्न मारतेय. ओमानमधे वाळवंटाच्या तोंडाशी बिदिया नावाचं गाव आहे, तिथे टायरवाले याच धंद्यावर बसलेत, जाताना हवा काढून देतात, येताना भरून देतात. आपल्याकडे कोणाला सुचला पाहिजे हा धंदा. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मधे आलं, त्यात अशा गाड्यांसाठी पाणी, लाईट, सांडपाण्याची सोय असलेल्या जागा करायच्या असं आहे, आमच्या वाटेवर आम्हाला एकही दिसली नाही. टॉयलेटची टाकी शेवटी माहेरच्या शोषखड्ड्यात रिकामी केली, त्याचं वर्णन करत नाही.

घ्यायची का मग ही गाडी? आत जांभ्याचं खळं असलेलं ओळखीचं घर असेल तर घ्या, मजा आहे खरंच, पोरं अजून विचारतात घर कधी येणार परत. घेताना चार गोष्टी मागून घ्या, आतल्या चाकांच्या व्हॉल्वला लांब नळी, हवेचं मीटर, जाड दोर, आणि जॅकखाली ठेवायला हातभर फळी. देणार नाहीत, पण मागा. पिनवर जाऊ नका, गावात शिरून पहिल्या टपरीवर चहा प्या आणि विचारा गाडी कुठे लावू. आणि सुरूच्या काड्यांवर टाच आपटून बघू नका, काठी खुपसून बघा.

डिपॉझिट परत आलं ते साडेतीन हजार कमी. कारण विचारलं तर "गाडीच्या आतमधे वाळू आढळली". त्यातली मूठभर अजून आमच्या चपलांच्या रॅकमधे आहे, पत्ता पाठवा म्हटलंय त्यांना, कुरियर करते.